कानामागून आली

आम्ही वारज्याला राहायला आलो, तेव्हा कोथरूडच्या पलीकडेही माणसं राहतात हे आमच्या सदाशिव पेठेतल्या नातेवाइकांना पटत नसे. "वारजे? म्हणजे तिकडे खडकवासल्याकडे?" असं विचारून ते पाण्याची बाटली बरोबर घेऊन भेटायला येत. आता वारजे पुण्यात गेलं की पुणं वारज्यात आलं, हे सांगणं कठीण झालंय. मात्र एक चीज आमच्याकडे आहे आणि सदाशिव पेठेकडे नाही. ती म्हणजे हायवे. मुंबई-बंगळूर हायवे आमच्या गॅलरीसमोरून जातो. रात्री अडीच वाजता तो उशाखालून जातो असं वाटतं. पहिली दोन वर्षं आम्ही प्रत्येक ट्रकला दचकत होतो. पुढे हॉर्नवरून ट्रक कुठल्या राज्याचा हे मी ओळखू लागलो. माणूस कशातही रस घेऊ शकतो.

हे सांगायचं कारण, आमच्या सोसायटीत हेडफोनचा जो आजार पसरला त्याचं मूळ या हायवेत आहे. गाणं ऐकायचं तर दारं-खिडक्या लावा; दारं-खिडक्या लावल्या तर पंखा लावा; पंखा लावला की त्याचा आवाज! शेवटी सी विंगमधल्या एका गृहस्थांनी कान झाकून घ्यायचं ठरवलं, आणि तिथून साथ सुरू झाली.

हे गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेले. सेनहायझरचा एच. डी. ६५० हा हेडफोन त्यांनी घेतला आणि त्या दिवसापासून त्यांच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य "हा तीनशे ओहमचा आहे" असं झालं. त्यामुळे त्यांचं नावच 'तीनशे ओहम' पडलं. हा ओहम म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा विरोध. हेडफोन इतका मानी, की साध्या मोबाइलला जोडला तर नुसता कुजबुजतो. त्याला स्वतंत्र ॲम्प्लिफायर लागतो. ॲम्प्लिफायर आला की त्याच्याआधी आकड्यांचा आवाज करणारी एक डबी लागते, तिला डॅक म्हणतात. डबी आली की तिला शोभेलशी वायर लागते. दिवाळसणाला जावई बोलवावा आणि त्याच्या मागून त्याचे मित्र जिना चढत यावेत, त्यातला प्रकार.

नवा हेडफोन शंभर तास वाजवल्याशिवाय 'मोकळा होत नाही' अशी तीनशे ओहम यांची श्रद्धा आहे. म्हणून त्यांनी तो चालू करून कपाटात ठेवला. चार दिवस-रात्री त्यांच्या कपाटातून बारीक आवाजात मारुबिहाग येत होता, आणि त्यांच्या कामवाल्या बाई त्या खोलीत एकट्या जायला तयार नव्हत्या.

बघता बघता सहा जण झालो. ('झालो' म्हणजे मीही होतो. मुलाने वाढदिवसाला पाठवलेला हेडफोन घेऊन गेलो होतो. "हा चाळीस ओहमचा दिसतो," असं तीनशे ओहम म्हणाले. "चाळिशीतच आहे का अजून?" या सुरात.) दर रविवारी दहा वाजता आम्ही क्लब हाउसमध्ये जमू लागलो. क्लब हाउस म्हणजे जिथे बिल्डर टेबल टेनिसचं टेबल ठेवणार होता ती खोली. तिथे आम्ही सहा प्रौढ पुरुष भिंतीशी ओळीने बसायचो, कानांवर आपापली यंत्रं चढवायचो आणि माना डोलवायचो. गंमत अशी, की एक मान विलंबित एकतालात, एक दादऱ्यात आणि एक कुठल्याच तालात नाही. खोलीत मात्र टाचणी पडली तरी ऐकू यावं अशी शांतता! पहिल्या रविवारी वॉचमनने काचेतून पाहिलं आणि सेक्रेटरींना फोन केला.

प्रत्येकाची आवड निराळी. ए विंगमधला इंजिनिअर, त्याला आम्ही 'बास' म्हणतो, त्याला ढोलाचा ठोका पोटात जाणवल्याखेरीज गाणं झालं असं वाटत नाही. तो सारखा 'सैराट'ची गाणी लावायचा, आणि त्यातला वाद्यवृंद थेट हॉलिवूडला जाऊन ध्वनिमुद्रित केलाय हे दर रविवारी नव्याने सांगायचा. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते, ते अजून कॅसेट ऐकतात. त्यांच्याकडे वॉकमन होता. भावाने दुबईहून आणलेला. १९७९ साली सोनीने पहिला वॉकमन काढला, तेव्हा त्याला दोन हेडफोनांसाठी दोन भोकं होती, ही माहिती त्यांचीच. कंपनीचे अकिओ मोरिता यांनी नमुना घरी नेला, तर त्यांच्या पत्नीला राग आला. नवरा समोर बसलाय आणि आपण मात्र बाहेर! म्हणून दुसरं भोक, आणि वर एक नारिंगी बटणही. ते दाबलं की गाण्याचा आवाज कमी होऊन शेजारच्याचं बोलणं ऐकू येई. पुढे लोकांनी ते दुसरं भोक फारसं वापरलंच नाही आणि नंतरच्या वॉकमनांतून ते गेलं. मास्तरांनी मात्र एका भोकाची दोन करणारी वायर जवळ ठेवली होती. ती वापरताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

आणि तीनशे ओहम? ते काय ऐकत? तर किशोरीताईंच्या भूपातली चाळीस सेकंदं. तीच चाळीस, दर रविवारी. "इथे तानपुऱ्याची जवारी ऐका. आता डावीकडे स्वरमंडळ. दिसलं?" गाणं त्यांना 'दिसायचं'. पूर्ण भूप त्यांनी कधी ऐकला असेल असं मला वाटत नाही. पण मी तरी कोण बोलणार? मीही डोळे मिटून "वा, वरचे सूर काय स्वच्छ आहेत!" म्हणायचो. 'वरचे सूर' ही माझी खासियत झाली होती. वरच्या सुरांबद्दल काही ठरवायचं असलं की मंडळी माझ्या तोंडाकडे पाहत.

एकदाच जरा वाद झाला. मी म्हणालो, १९३३ च्या सुमाराला गदगला एक अकरा वर्षांचा मुलगा दुकानाबाहेर उभा राहून अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकतो, आणि गुरू शोधायला घर सोडून निघतो. तो मुलगा भीमसेन जोशी. त्या खरखरत्या तव्याला कसला ओहम नि कसला डॅक? यावर तीनशे ओहम शांतपणे म्हणाले, "त्यांनी हेडफोनवर ऐकलं असतं तर आठव्या वर्षीच निघाले असते." पुण्यात वाद जिंकणं अशक्य आहे.

माझं हे वरच्या सुरांचं राज्य एका रविवारी बासने घालवलं. त्याने मोबाइलमध्ये कानाची परीक्षा घेणारं काहीतरी आणलं होतं. तरुण कानाला वीस हर्ट्झपासून वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं म्हणे. हेडफोन घातलेल्याने आवाज येताच हात वर करायचा. पहिला मान अर्थातच माझा. हजारला हात वर. दोन हजारला वर. चार हजारला वर, जरा सावकाश. सहा हजारला हायवेपलीकडे कुणी शीळ घालावी तसं काहीतरी. मग सगळं शांत झालं. मी थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणालो, "हं, करा सुरू पुढचा."

कुणी काही बोलेना. शेवटी बासची सात वर्षांची मुलगी आली आणि तिने माझ्या एका कानावरची टोपी उचलून स्वतःच्या कानाला लावली. लगेच हात झटकून ओरडली, "ई! आजोबा, केवढ्यानं वाजतंय!"

आठ हजार कधीच संपलं होतं. बास बारा हजारांवर होता. तीनशे ओहम यांच्या हेडफोनच्या माहितीत १० ते ४१,००० हर्ट्झ असं छापलंय. म्हणजे वरचा अर्धा भाग सोसायटीच्या कुत्र्यासाठी, हे मला ठाऊक होतं. माझ्या वाट्याला खालची सहाच हजारं येतात हे ठाऊक नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. ही बरोबर होती. डॉक्टरांनी बंद खोलीत बसवून आलेख काढला. आलेखाची रेघ डावीकडे सपाट चालली होती, आणि मग चांदणी चौकातून डुक्कर खिंडीमार्गे वारज्याला उतरावं तशी सरळ खाली. "वयाचं आहे," डॉक्टर म्हणाले. "आतल्या बारीक पेशी झिजतात, आणि उंच आवाजाच्या आधी जातात. स्वर ऐकू येतात, व्यंजनं निसटतात. स, श, फ यांच्यासारखी. म्हणजे बोलणं ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत."

"तरीच!" ही म्हणाली. त्या एका शब्दात चाळीस वर्षांचा संसार होता. 'तुम्ही माझं ऐकत नाही' हा आजवर स्वभावदोष होता. आज त्याला वैद्यकीय दाखला मिळाला. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला एकदम आषाढी आठवली.

हिचं भजनी मंडळ आहे. आषाढीला गणपती माथ्याजवळच्या एका देवळात कार्यक्रम होता आणि हिला एक अख्खा अभंग एकटीने म्हणायचा होता. लग्नाआधी गात असे. नंतर स्वयंपाकघरापलीकडे कधी नाही. तीन आठवडे कुकरच्या शिट्ट्यांमध्ये सराव चालला होता. निघताना तिने दारातून सांगितलं, "सात वाजता." मी ऐकलं, "आठ वाजता." मी पावणेआठलाच पोचलो. पंधरा मिनिटं आधी आल्याचा मला अभिमानही वाटला. बायका सतरंज्या गुंडाळत होत्या. हिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "साबुदाण्याची खिचडी उरलीय. घ्या."

बस्स. त्याच्यावर पुढे एक अक्षर नाही.

'सात' मधला 'स' गेला की काय उरतं हे डॉक्टरांच्या खुर्चीत बसून मला लख्ख कळलं. ते मी हिला सांगितलंही. ती म्हणाली, "असेल." मग जरा थांबून, "पण मी सांगितलं तेव्हा तुमच्या डोक्यावर ते होतं. एक कान उचलून 'हो हो' म्हणालात." हेही खरं. व्यंजन कानाने खाल्लं की हेडफोनने, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. नारिंगी बटण माझ्या हेडफोनला नाही.

डॉक्टरांनी श्रवणयंत्र सांगितलं. ते कानामागे बसतं, आणि तिखट किती आहे ते बिल पाहिल्यावर समजतं. मी टाळाटाळ केली, हे कबूल करतो. जगाची तऱ्हाच विचित्र आहे. डोक्यावर वाटीएवढ्या दोन टोप्या चढवून फिरलं तर माणूस रसिक, आणि कानामागे वालाएवढं काही लावलं तर म्हातारा! नंतर वाचनात आलं, की १९१० साली अमेरिकन नौदलासाठी आपल्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार करणारे नॅथॅनिएल बाल्डविन या उद्योगाला लागले, ते भल्यामोठ्या प्रार्थनामंदिरात प्रवचन ऐकू येत नाही म्हणून. म्हणजे दोघांचं कुळ एकच. हे मी रविवारी मंडळींना सांगितलं आणि यंत्र लावूनच बसलो. तीनशे ओहम यांनी वाकून पाहिलं आणि विचारलं, "किती ओहमचं?"

यंत्र लावल्यावर पहिली गोष्ट परत आली ती हायवे. मग वर्तमानपत्राचा खळखळाट, माझ्या स्वतःच्या चपला, फ्रिज. आणि एक शोध लागला. हेडफोनसाठी यंत्र काढून ठेवावं लागतं, तरी जुन्या तव्यांवरची गाणी मला पूर्वीइतकीच छान लागतात. त्या जुन्या तव्यांवर पाच-सहा हजारांच्या वरचं फारसं काही उमटतच नसे! माझा कान आणि खाँसाहेबांचा तवा यांची पत्रिका छत्तीस गुणांनी जुळलेली. मंडळात आता मी जुन्या तव्यांवरचा अधिकारी आहे.

परवा दुपारी मी हिला विचारलं, "आषाढीचा तो अभंग कुणी मोबाइलवर घेतला होता का गं?"

ती थोडा वेळ भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "आहे. मंडळातल्या एकीने पाठवलाय." तीन महिने तिच्या फोनमध्ये होता. मी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

मी मास्तरांकडे जाऊन ती दोन भोकांची वायर मागून आणली. एक हेडफोन तीनशे ओहम यांच्या पुतण्याचा, एक माझा. सोफ्यावर बसलो. ध्वनिमुद्रण म्हणाल तर आनंदच होता: जवळच कुणीतरी टाळ वाजवतंय, मागे स्टीलच्या पेल्यांचा आवाज, एक मूल रडतंय, आणि मधूनच एक ट्रक. ट्रक बहुधा कर्नाटकाचा. या सगळ्याच्या पलीकडून हिचा आवाज येत होता. आधी दबत, मग जरा मोकळा. दुसऱ्या कडव्यात वर जाताना आवाज किंचित उतरला, थरथरला आणि परत जागेवर आला.

संपल्यावर हिने हेडफोन काढला. मी कानामागचं यंत्र चढवलं.

"दुसऱ्या कडव्यात सूर सुटला माझा," ती म्हणाली. "कळलं ना तुम्हाला?"

तो सूर फार तर पाचशे हर्ट्झच्या आसपासचा. तिथे माझा कान आजही विशीतल्या पोरासारखा आहे.

"कुठे? मला नाही बाई ऐकू आलं काही," मी म्हणालो.

"खरंच?"

मी उठलो, टीपॉयच्या खणातून डॉक्टरांचा आलेख काढला आणि तिच्यापुढे धरला.