डबा शेवटी घ्यावा

पावसाळ्याच्या तोंडावर घोडे पाळणारे आम्हा पशुवैद्यांना हटकून विचारतात, की खुराला कोणतं तेल लावावं, कोणती पावडर खाऊ घालावी? डबा सगळ्यांत शेवटी निवडावा, असं माझं ठाम मत आहे. खुराची भिंत आपल्या नखासारखी, केराटिनची आणि निर्जीव असते. ती वाढते वरून, जिथे केस संपतात तिथून, महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर. पुढच्या टोकापर्यंत नवं खूर यायला 9 ते 12 महिने लागतात. म्हणजे खाली पडलेली चीर कोणत्याही मलमाने सांधली जात नाही. ती वाढून खाली येते आणि नालबंदाच्या कानशीखाली जाते.

खूर कोरडं पडून तडकतं म्हणून रोज तेल लावा, असा सर्रास सल्ला दिला जातो. ऑस्ट्रेलियातल्या रानटी घोड्यांवरचा 2012 मधला अभ्यास वेगळंच सांगतो: वाळवंटातल्या आणि ओलसर प्रदेशातल्या घोड्यांच्या खुरांच्या भिंतीतला ओलावा जवळपास सारखाच होता. चिरांमागे बहुतेकदा वाढलेलं, वाकडं कापलेलं खूर असतं. शिवाय माथेरानच्या चढणीवर किंवा पुण्याच्या पावसाळी रेस-हंगामात आपली खरी अडचण ओल आणि लीद हीच असते. तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग त्यात कुजतो, काळा चिकट स्राव येतो, घाण वास सुटतो. ही कूज करणारे जंतू हवा नसली की फोफावतात, त्यामुळे ओल्या, न कोरलेल्या तळव्यावर तेलाचा किंवा डांबराचा थर देणं म्हणजे त्यांची सोय करणं. खूर कोरून धुवावं, कुजका भाग जाणकाराकडून काढून घ्यावा, कोरडं करावं आणि मगच पोव्हिडोन आयोडीन किंवा मोरचुदाचं सौम्य द्रावण कापसाने खाचेत भरावं. फॉर्मेलिन मात्र नको. ते जिवंत भागही जाळतं. उन्हाळ्यात ठिसूळ खुराला, स्वच्छ करून, तेलाचा पातळ हात द्यायला माझी हरकत नाही.

बायोटिनचं काय, असं कोणी विचारेल. त्याला खरा आधार आहे: लिपिझानर घोड्यांना रोज 20 मिलिग्रॅम दिल्यावर खुरांचा दर्जा सुधारल्याचं दिसलं, पण कित्येक महिन्यांनी. पंधरा दिवसांत फरक सांगणारी जाहिरात खुराच्या वाढीशीच जुळत नाही. दोन-तीन पावडरी एकत्र देणं तर धोक्याचं, कारण त्यांतलं सेलेनियम जास्त झालं की खूरच फाटतं. नालबंद दर पाच-सहा आठवड्यांनी परवडत नाही, ही तट्टूवाल्यांची तक्रार खोटी नाही. पण म्हणूनच हाताशी असलेले थोडे पैसे आधी नालबंदावर आणि कोरड्या जमिनीवर खर्च व्हावेत. खूर कोरायच्या आकडीला तर फारसा खर्चच नाही.

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणार असाल, तर चकाकणाऱ्या खुरावरचं तेल आधी पुसायला लावा, चारही पाय उचलून तळवे पाहा, वास घ्या, आणि मगच भावाचं बोला.