दहशूरचा वांकडा पिरॅमिड

मिसर देशास जाणारे बहुतेक प्रवासी गिझाचे पिरॅमिड पाहतात आणि तेथूनच परततात. त्यांत त्यांचा दोष नाहीं; तें दृश्य आहेच तसें भव्य. परंतु चार त्रिकोण एकमेकांस टेकून एवढी मोठी घनाकृति कशी उभी राहते, हें ज्यांना समजून घ्यावयाचें असेल त्यांनीं कैरोच्या दक्षिणेस सुमारें ४० किलोमीटरांवर असलेल्या दहशूर येथें अवश्य जावें, असें आम्ही आमच्या वाचकांस आग्रहानें सांगूं.

नाईलच्या कांठचीं खजुरीचीं बनें व हिरवीं शेतें जेथें एकाएकीं संपतात आणि वाळवंट सुरू होतें, तेथेंच दहशूरचें पठार आहे. त्यावर इ. स. पूर्वीं २६०० च्या सुमारास राज्य करणाऱ्या स्नेफेरू राजाचे दोन प्रचंड पिरॅमिड उभे आहेत. पैकीं दक्षिणेकडील पिरॅमिड पाहतांक्षणींच डोळ्यांस खटकतो. त्याच्या चारी बाजू पायापासून सुमारें ५४ अंशांच्या चढणीनें वर जातात; निम्म्या उंचीच्या किंचित् अलीकडे त्या एकदम मोडतात, आणि पुढें सुमारें ४३ अंशांनींच शिखर गांठतात. म्हणून याला ‘वांकडा पिरॅमिड’ हें नांव पडलें.

याच्या पायाची बाजू सुमारें १८९ मीटर आहे. खालचीच चढण अखेरपर्यंत नेली असती तर उंची १३० मीटरांच्या वर गेली असती, आणि हिशेब करून पाहिल्यास प्रत्येक बाजू जवळजवळ समभुज त्रिकोण झाली असती. घरांतील मुलांनीं पुठ्ठ्याचे चार सारखे समभुज त्रिकोण कापून त्यांच्या कडा चिकटवाव्या व ते चौकोनी तळावर उभे करावे. ती चढण त्यांना घरबसल्या दिसेल. मात्र पुठ्ठ्याला भार नसतो, दगडाला असतो.

येथें तोच भार नडला. पायाखालची जमीन पुरेशी कणखर नव्हती. बांधकाम चढूं लागलें तसे आंतील दालनांस तडे गेले. वरच्या दालनांत आधारासाठीं घातलेल्या देवदाराच्या तुळया अजून दिसतात. भार हलका व्हावा म्हणूनच वरची चढण कमी केली, असें अनेक संशोधक मानतात. चढण कमी म्हणजे वरचा त्रिकोण ठेंगणा, आणि त्रिकोण ठेंगणा म्हणजे दगड थोडा. या एका फेरानें मोडापासून वरचा दगड सुमारें एक तृतीयांशानें कमी झाला आणि उंची १०५ मीटरांवर थांबली.

उत्तरेकडील ‘तांबडा पिरॅमिड’ त्यानंतरचा. त्याचा पाया सुमारें २२० मीटर रुंद असून चढण पहिल्या थरापासूनच सुमारें ४३ अंश आहे. त्याच्या बाजू कोठेंहि मोडत नाहींत. चारी त्रिकोण अखंड आहेत. स्नेफेरूचा पुत्र खुफू यानें गिझा येथें पुन्हां धीर केला व ५१ अंश ५० कलांची चढण घेतली. पाया २३० मीटर आणि मूळची उंची १४६ मीटर, असा तो मोठा पिरॅमिड झाला.

मिसरी लोक चढण अंशांनीं मोजीत नसत. त्यांचा एक हात सात तळव्यांचा. एक हात वर चढतांना बाजू किती तळवे आंत घ्यावयाची, या मापास ते ‘सेकेद’ म्हणत. खुफूच्या पिरॅमिडाचें माप साडेपांच तळवे भरतें. अशीं उदाहरणें आह्मेस नांवाच्या लेखकानें इ. स. पूर्वीं १५५० च्या सुमारास उतरून घेतलेल्या गणिताच्या गुंडाळींत आहेत. ती हल्लीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें आहे.

वांकडा पिरॅमिड बांधणारांनीं पाडून टाकला नाहीं. तो पुरा केला व वर गुळगुळीत चुनखडीचें कवचहि चढविलें. आज इतर कोणत्याहि मोठ्या पिरॅमिडापेक्षां त्याचेंच कवच अधिक शाबूत आहे. २०१९ सालीं त्याची आंतली वाट प्रवाशांस खुली करण्यांत आली. मुलांस बरोबर घेऊन जाणारांनीं आधीं दहशूर व मग गिझा असा क्रम ठेवावा. म्हणजे खुफूच्या त्या सरळ कडेकडे पाहतांना, ती एवढीच कां कललेली आहे, हें मुलें आपण होऊन सांगतील.