खटक्याचा आवाज

अंत्यविधीला जाणाऱ्या छायाचित्रकाराने शक्यतो अदृश्य असावे, असे आम्ही नवशिक्यांना नेहमी सांगत आलो. गेल्या पावसाळ्यात वसईतील एका चर्चमध्ये आमचीच फजिती झाली. धर्मगुरूंनी ख्रिस्तशरीर उंचावले, घंटा वाजून थांबली, आणि त्या नीरव क्षणी आमच्या कॅमेऱ्याचा खटका तीनदा वाजला. पहिल्या बाकावरील विधवेने मागे वळून पाहिले. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

आमचा कॅमेरा मिररलेस, 2018 सालचा. त्यात आरसा नसला तरी शटरचा पडदा असतोच, आणि खटका त्या पडद्याचा. निःशब्द शटरची सोयही आहे. पण ती वापरली की वेदीवर, शवपेटीवर आडवे काळपट पट्टे उमटतात. अशा बहुतेक कॅमेऱ्यांचा संवेदक चित्र एका दमात न घेता ओळीओळीने वाचतो, आणि आपल्याकडील वीज 50 हर्ट्झची असल्याने पुष्कळसे एलईडी दिवे सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होत असतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते.

दुकानदार म्हणाले, “सर, आता नवा घ्याच.” निकॉनचा झेड सिक्स थ्री हा 2024 सालचा कॅमेरा आम्ही हाताळून पाहिला. आधीच्या झेड सिक्स टूपेक्षा त्याचा संवेदक सुमारे साडेतीनपट वेगाने वाचला जातो, त्यामुळे पट्टे कमी होतात. अजिबात नाहीसे होतात असे नव्हे. मेगापिक्सेल साडेचोवीस, आमचे चोवीस. अल्बमच्या 12 बाय 18 इंची पानाला इंचाला 300 ठिपक्यांच्या हिशेबाने साडेएकोणीस पुरतात. शिवाय आमची भिंगे त्याला बसत नाहीत. बाजारात आला तेव्हा त्याची किंमत दोन लाखांहून अधिक होती. तेवढ्यासाठी किती स्नानसंस्कार टिपावे लागतील, हे आमच्या मंडळींनी कागद न घेताच सांगितले. तो आकडा येथे देत नाही.

अखेर एका सकाळी मिस्सा संपल्यावर रिकाम्या चर्चमध्ये प्रयोग करीत बसलो. निःशब्द शटरचा वेग सेकंदाच्या 1/200 वरून 1/50 वर आणला. तेवढ्या अवधीत दिव्याची दोन आवर्तने पूर्ण होतात आणि प्रत्येक ओळीच्या वाट्याला सारखाच उजेड येतो. पट्टे गेले. बाजूच्या वेदीवरचा एक दिवा तेवढा ऐकेना. या वेगाला हलता माणूस पुसट येतो, हे खरे. पण ख्रिस्तशरीर उंचावताना हलतो कोण? आणि वधू चालत येते किंवा मुले प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी रांगेने येतात, तेव्हा गायनवृंद गात असतो. त्यात खटका ऐकू येणार कुणाला? सात वर्षांहून अधिक काळ वापरलेल्या यंत्राची ही रीत आम्ही तोवर करून पाहिली नव्हती, याची लाज वाटली.

मोह सुटला असे म्हणवत नाही. नवा कॅमेरा धावत्या पोरांचे डोळे अचूक पकडतो, ते दुकानात पाहिले आहे. तरी तूर्त नको, असे दुकानदारांना कळवले.

यंदा त्याच गृहस्थांच्या पहिल्या पुण्यस्मरणाची मिस्सा झाली. खांबाआड उभे राहून आम्ही छायाचित्रे घेतली. बाई वळल्या नाहीत. नंतर बाहेर पायरीवर भेटल्या, तेव्हा त्यांनी विचारले, “भाऊ, आज तुम्ही फोटो काढलेच नाहीत?”