शनिवार, संध्याकाळचे पाच

इंग्लंडात शनिवारी दुपारी तीनला फुटबॉलचे सामने सुरू होतात आणि पावणेपाचच्या सुमारास आटोपतात. पाचच्या ठोक्याला बीबीसी रेडिओवर ह्यूबर्ट बाथ यांची ‘आउट ऑफ द ब्लू’ ही बँडची धून वाजायची, ‘स्पोर्ट्स रिपोर्ट’ सुरू व्हायचा आणि एक आवाज त्या दिवसाचे सगळे निकाल वाचायला घ्यायचा. यजमान संघ, त्याचे गोल. पाहुणा संघ, त्याचे गोल. आधी इंग्लंडच्या वरच्या श्रेणी, मग खालच्या, मग स्कॉटलंड. कोण कसं खेळलं, पंच कुठे चुकला, यातलं अवाक्षर नाही. पाचेक मिनिटांत अख्ख्या बेटाचा शनिवार सांगून व्हायचा. 3 जानेवारी 1948 ला हा कार्यक्रम सुरू झाला आणि निकालांचं वाचन म्हणजे त्याचा कणाच होऊन बसला. ऑगस्ट 2022 मध्ये प्रीमियर लीगच्या नव्या हंगामाचा पहिला शनिवार उजाडला, धून वाजली, आणि वाचन झालंच नाही.

नुसती नावं आणि आकडे, त्यात ऐकण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. ज्यांनी जेम्स अलेक्झांडर गॉर्डन यांना ऐकलंय त्यांना नाही वाटणार. 1974 ते 2013 एवढा काळ हे निकाल त्यांनी वाचले. यजमान संघाचं नाव घेताना आवाज वर गेला की समजावं, घरचे जिंकले. तो जरा खाली बसला आणि पाहुण्यांच्या नावावर उजळला, की बाजी पाहुण्यांनी मारलेली. बरोबरी असली तर दोन्ही नावं एकाच पातळीवर चालायची. दुसरा आकडा उच्चारला जाण्याआधी ऐकणाऱ्याला निकाल कळलेला असे. मैफलीत सम येण्याआधीच जाणत्यांच्या माना हलू लागतात, तसंच हे. आणि हरलेल्याचं नाव ते ज्या सुरात घ्यायचे, त्यात कीव नसायची, पण जिव्हाळा असायचा. एवढ्याशा जागेत एवढं बसवणं ही मी तरी मोठी कला मानतो.

गॉर्डन मूळचे एडिंबराचे. तान्हेपणी पोलिओ झाला, बालपणाची बरीच वर्षं इस्पितळांत गेली. 2013 मध्ये स्वरयंत्राच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया करावी लागली, स्वरयंत्र काढलं, आणि वाचन थांबलं. पुढच्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, ते गेले. त्यांच्या जागी शार्लट ग्रीन आल्या. रेडिओ 4 वर वर्षानुवर्षं बातम्या वाचलेल्या. एकदा तरी फुटबॉलचे निकाल वाचायला मिळावेत, ही इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. ‘स्पोर्ट्स रिपोर्ट’वर निकाल वाचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांनीही ती चाल जपली, स्वतःच्या गळ्यात घालून.

या वाचनाला एवढा कान लाभला त्यामागे पैसाही होता, हे सांगायलाच हवं. 1923 मध्ये लिव्हरपूलला लिटलवुड्सची ‘पूल्स’ सुरू झाली: आठवड्याला थोडे पैसे लावायचे, कुठले सामने बरोबरीत सुटतील ते कूपनावर खुणांनी नोंदवायचं. कूपनं गोळा करायला माणूस दारावर यायचा. शनिवारी पाचला स्वयंपाकघरातल्या टेबलावर कूपन पसरलेलं, हातात पेन्सिल, आणि घरातल्या पोरांना चकार शब्द काढायची बंदी. कॅसलफर्डच्या व्हिव्ह निकल्सन यांच्या घरी 1961 मध्ये यातून 1,52,319 पौंड आले, तेव्हा सगळा देश त्यांच्याकडे बघत राहिला. 1963 च्या जानेवारीत असा बर्फ गोठला की आठवड्यामागून आठवडे सामनेच होईनात. तेव्हा टॉम फिनी, टॉमी लॉटन अशा निवृत्त खेळाडूंना एका खोलीत बसवलं आणि न झालेल्या सामन्यांचे निकाल त्यांच्याकडून ठरवून घेतले. लोकांनी तेही कान देऊन ऐकले. 1994 मध्ये राष्ट्रीय लॉटरी आली आणि पूल्सचा जोर ओसरला, पेन्सिली बाजूला पडल्या. ऐकणारे मात्र तरीही ऐकत राहिले.

ते का, याचं उत्तर माझ्यापुरतं त्या नावांत आहे. क्वीन ऑफ द साउथ, पार्टिक थिसल, हॅमिल्टन अकॅडेमिकल, ऍक्रिंग्टन स्टॅन्ली, स्टेनहाउसम्यूर, काउडनबीथ. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसच्या शनिवारच्या क्रीडा कार्यक्रमातून हे निकाल शॉर्टवेव्हवर आपल्याकडेही पोचायचे. तिथले पाच म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. मधेच खरखर वाढायची, एखादा आकडा वाहून जायचा, नाव मात्र लागायचं. यातल्या बहुतेक गावांना मी कधी जाणार नव्हतो. पण कोळशाच्या खाणींचं काउडनबीथ आज घरच्या मैदानावर हरलं, हे मला कळत होतं आणि त्याचं थोडं वाईटही वाटत होतं. लिव्हरपूल आणि फॉरफर यांना त्या यादीत तेवढाच श्वास मिळायचा. ‘ईस्ट फाइफ 4, फॉरफर 5’ असा निकाल आला तर वाचणाऱ्याची जीभ कशी वळेल, याची गंमत तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, आणि त्या निमित्तानं या दोन छोट्या क्लबांची नावं साऱ्या देशाच्या तोंडी राहिली.

बीबीसीनं कारण दिलं ते असं: साडेपाचच्या प्रीमियर लीग सामन्याचं थेट समालोचन आता आपल्याकडे आहे, त्यामुळे कार्यक्रम वीस मिनिटांवर आणावा लागतोय, त्यात यादी बसत नाही. निकाल तर आता सगळ्यांच्या खिशात असतात, असंही अनेक जण म्हणाले. मला हे पटत नाही. फोनवर माणूस आपला संघ बघतो, फार तर त्याच्या वरचा-खालचा. दुसऱ्याच्या गावाचं काय झालं ते मुद्दाम कोण शोधतो? परगावचा सामना बघून गाडी हाकत घरी निघालेला माणूस फोन बघू शकत नाही. ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तर तो आवाज हाच निकालांचा फलक होता. ऐकणारे चिडले, वर्तमानपत्रांतून लिहून आलं, ते आठवणींच्या उमाळ्यापायी नव्हे. त्यांची खरोखरच गैरसोय झाली होती.

आणि ती सगळ्यांत जास्त झाली खालच्या श्रेणींची. दूरचित्रवाणीच्या सोयीनं प्रीमियर लीगचे सामने केव्हाच शुक्रवार, रविवार, सोमवारवर विखुरले. शनिवारी तीनची वेळ इमानानं पाळतात ते मुख्यतः लहान क्लब, शेदोनशे वर्षांच्या गिरण्या आणि खाणी बंद पडल्यावरही ज्यांनी आपापल्या गावाचं नाव जागं ठेवलं ते. आठवड्यातून एकदा, देशभर, मोठ्यांच्या बरोबरीनं त्यांचा उच्चार व्हायचा तो याच पाच मिनिटांत. 6 ऑगस्ट 2022 च्या त्या शनिवारी साडेपाचला एव्हर्टन आणि चेल्सी यांचा सामना होता. चेल्सीनं तो 1-0 जिंकला आणि त्याचं वर्णन पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत ऐकायला मिळालं. बाकीचे निकाल ज्यानं त्यानं आपापले शोधून घेतले.