खर्जाचा सूर

अब्बांचे वय वाढले तसे बारीक सूर त्यांच्या कानातून आधी गेले. म्हातारपणी बहुधा असेच होते. उरला तो खर्ज. म्हणून कव्वालीतल्या ढोलकचा ठेका पोचवणारा वायरलेस सबवूफर त्यांचा लाडका. तो मधूनच मुका व्हायचा, दिवा लुकलुकत राहायचा. म्हणजे मुख्य संचाशी जोड तुटलेली. आवाज वाढवून उपयोग नव्हता. मधे लोखंडी कपाट, शेजारी वाय-फायचा राउटर, आणि दोघांच्या लहरी त्याच २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातल्या. सबवूफर कपाटापुढे आणला, राउटर दूर नेला, दोन्ही प्लग काढून पुन्हा लावले, जोडणीचे बटण दाबून धरले. दिवा स्थिर झाला. अब्बांनी गुडघ्यावर ठेका धरला. म्हाताऱ्या माणसांशी बोलतानाही आपण आवाजच वाढवतो. मधे काय आडवे आले आहे, ते पाहत नाही.