डीजेवाल्याचा मामा

डीजे म्हटलं की माझं डोकं फिरतं, हे आमच्या अख्ख्या खानदानाला माहीत आहे. अंबरनाथ पश्चिमेला, विम्को नाक्यापासून चालत पाच-सात मिनिटांवर आमची बिल्डिंग. पहिला मजला, गॅलरी रस्त्यावर. त्यामुळे गणपती, देवी, जयंत्या, लग्नाच्या वराती, सगळं आमच्याच गॅलरीखालून जातं. बाबांची बायपास झाली त्या वर्षी विसर्जनाच्या रात्री आम्ही खिडक्यांना गाद्या लावून त्यांना आतल्या खोलीत घेऊन बसलो होतो. फडताळातल्या बरण्या एकमेकींवर वाजत होत्या. बाबा काही बोलले नाहीत. छातीवर हात ठेवून भिंतीकडे बघत बसले होते. तेव्हापासून मी या विषयावर कुणाशीही, कुठेही, कितीही वेळ भांडू शकतो.

तर अशा माणसाच्या सख्ख्या भाच्याने 2024 च्या फेब्रुवारीत डीजे सिस्टम विकत घेतली.

भाचा आधी एमआयडीसीतल्या एका कंपनीत होता. ती बंद पडली. मग तीन सीझन त्याने दुसऱ्या एकाकडे ऑपरेटर म्हणून काम केलं आणि त्याला वाटलं, हे आपल्याला जमतं. सेकंडहँड सिस्टम, दोन बेस, दोन टॉप, मिक्सर, अँप, थोड्या लाइटा. साडेतीन लाख. अर्धे भावोजींच्या फंडातले, अर्धे कर्जाचे. महिन्याला 7,200 रुपये हप्ता. भावोजींनी ऑर्डनन्समध्ये आयुष्य काढून जमवलेला फंड आता चार लाकडी खोक्यांत बसला होता म्हणा ना!

जाहिरातीसाठी त्याच्याकडे उरले पाच हजार. फ्लेक्सचं डिझाईन मोबाईलमध्ये घेऊन तो माझ्याकडे आला. मागे आगीच्या ज्वाळा, बाजूला सिंह, मध्ये गॉगल घातलेला हा आणि खाली बारा शुभेच्छुकांचे फोटो. "मामा, तू काहीबाही लिहितोस ना, मला चार ओळी दे की." मी सरळ नाही म्हटलं. त्याने वाद घातला नाही. चहा पिऊन गेला. रात्री ताईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "तुझा राग डीजेवर आहे की माझ्या पोरावर, ते एकदा ठरव."

मी ठरवत बसलो आणि तेवढ्यात पाच हजारांतले तीन हजार उडाले.

फ्लेक्स लागला तो तिसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या गाडीत गेला. 1,400 रुपये. परवानगी न घेता रस्त्यावर बोर्ड लावणं हा 1995 च्या मालमत्ता विरूपण कायद्याने गुन्हा आहे आणि 2017 मध्ये हायकोर्टाने या बेकायदा बोर्डांवरून पालिकांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. हे मी त्याला सांगितलं, पण फ्लेक्स गेल्यावर. मग त्याने हजार पत्रकं छापून पेपरवाल्याकडून घरोघरी टाकली. छपाई आणि टाकणावळ मिळून 1,600. दोन फोन आले. त्यातला एक जुना अँप विकायचा होता म्हणून.

त्यात नशीब बघा. 2024 च्या मे-जूनमध्ये शुक्राचा अस्त होता, लग्नाचे मुहूर्त जवळपास नव्हतेच. ज्या महिन्यांवर डीजेवाल्याचं वर्ष चालतं तेच कोरडे. सिस्टम घेताना बिचाऱ्याने स्पीकरचे वॅट पाहिले, पंचांग पाहिलं नाही. मे महिन्यात त्याला दोन वाढदिवस आणि एक बारसं मिळालं. जूनचा हप्ता चुकला. ताईने मला ते सांगितलं नाही, मला भावोजींच्या चेहऱ्यावर दिसलं.

मग मीच त्याला बोलावलं आणि वही घेऊन बसलो.

मला नारायणगाव आठवलं होतं. जुन्नर तालुक्यातल्या त्या गावात दरवर्षी पाडव्याच्या सुमारास तमाशाचे फडमालक राहुट्या टाकून बसतात. गावोगावचे पंच येतात, एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत हिंडतात, आपल्या जत्रेची तारीख सांगतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. डीजेच्या धंद्यातही बुकिंगला सुपारीच म्हणतात, तो शब्द तिकडचाच असावा. आता बघा, फडमालक काही महाराष्ट्रभर फ्लेक्स लावत नाहीत. ज्याला खेळ ठरवायचा आहे तो ज्या दिवसांत जिथे येतो, तिथे ते जाऊन बसतात. जाहिरात म्हणजे एवढंच तर आहे. आणि पैसे कमी असतील तर एवढंच असायला हवं. ज्याच्या घरी लग्न नाही अशा हजार माणसांना ओरडून सांगण्यात आमचे पैसे गेले होते.

आता प्रश्न असा की आमची राहुटी कुठे टाकायची? मी भाच्याला विचारलं, "लग्न ठरलं की घरचे सगळ्यात आधी कुणाकडे जातात?" आम्ही यादी केली. हॉलवाला, मंडपवाला, केटरर, फोटोवाला, पत्रिका छापणारा, भटजी. डीजेवाल्याचा नंबर शेवटी. म्हणजे त्याच्या आधी पाच-सहा जणांना ती तारीख कळलेली असते. आमच्याकडे कोहोजगाव, बुवापाड्यापासून बदलापूरच्या गावांपर्यंत हळदीला लग्नाइतकाच मान. आगरी-कोळी घरांत तर लग्नाला एक वेळ डीजे नसेल, हळदीला हवाच. आणि हळद घराच्या अंगणात असते, हॉलवर नाही. म्हणजे आमचा खरा माणूस मंडपवाला.

पावसाळ्यात मंडपवाले रिकामे असतात. भाचा अकरा जणांकडे जाऊन बसला. सुपारीमागे पाचशे देईन म्हणाला. एका म्हाताऱ्या मंडपवाल्याने त्याला सुनावलं, "पैसे नकोत रे बाबा. वेळेवर ये. मागचा डीजेवाला हळदीला साडेनऊला उगवला, दहाला पोलीस आले, आणि शिव्या मी खाल्ल्या." भाच्याने ते वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून आणलं. मला वाटतं आमच्या सगळ्या जाहिरातीचा जन्म त्या वाक्यात झाला.

गूगलच्या नकाशावर नाव टाकणं, व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवणं ही फुकटातली कामं त्याने स्वतःच केली. मी फक्त एक सुचवलं. धूर आणि लाइटांचे व्हिडिओ सगळेच टाकतात, तू घरच्यांना विचारून नाचणाऱ्या माणसांचे टाक. मावश्या, काकवा, नवरीचे आजोबा. कारण हळदीचे पैसे नवऱ्याचे मित्र देत नाहीत, काकवांचे नवरे देतात.

उरलेल्या पैशांत काय करायचं, तर मी म्हटलं कार्ड. नुसतं नाव-नंबराचं कार्ड लोक खिशातून काढून फेकतात. पण ज्याच्या एका बाजूला तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंतच्या विवाहमुहूर्तांच्या तारखा आहेत ते कार्ड कुणी फेकेल? मुलगी उजवायची असलेल्या घरात ते देवघरापाशी जाऊन बसेल. शुक्राने जो धडा दिला तोच वापरला. तारखा आमच्या ओळखीच्या भटजींनी तपासून दिल्या. चुकलेल्या मुहूर्ताचं कार्ड वाटण्यापेक्षा न वाटलेलं बरं.

मागच्या बाजूच्या चार ओळी मी लिहिल्या. 'वेळेवर येतो. रात्री दहाला बंद करतो. आजीला बसता येईल एवढाच आवाज. दर फोनवर स्पष्ट सांगतो.'

भाच्याने वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिला. "मामा, ही डीजेची जाहिरात आहे की हॉस्पिटलची?"

त्याचं म्हणणं, पोरांना बॉक्सची भिंत लागते. माझं म्हणणं, तुझ्याकडे भिंत नाहीच आहे! दोन बेस, दोन टॉप. अँपचे वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. त्या शर्यतीत उतरलास तर ताईचं मंगळसूत्र विकूनही पुरायचं नाही. मोठ्यांकडे नाही ते तू दे. वेळ आणि शब्द.

हे मी मोठ्या ऐटीत बोललो खरा. पण मनात एक गोष्ट टोचत होती. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे आणि रात्रीची 45. लाउडस्पीकर लावला तर सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्यापेक्षा फार तर 10 जास्त चालतात. म्हणजे 65. मी एकदा भाच्याच्या सिस्टमसमोर वीस फुटांवर उभा राहून फोनवरच्या ॲपने मोजलं. ते ॲप काही प्रमाणित नसतं, पण आकडा 88 आला. तेही मध्यम आवाजावर. 'आजीला बसता येईल' हे वाक्य मी लिहिलं होतं, पण कायद्यातली आजी त्यात बसत नव्हती. हळदीच्या अंगणाशेजारचं घरही बसत नव्हतं. मी त्याला म्हटलं, बॉक्सचं तोंड अंगणाच्या आत ठेव, शेजारी आजारी कुणी आहे का ते आधी विचार, दहा म्हणजे दहा. तो हो म्हणाला. पण हे सगळं बोलताना मला माझा आवाज जरा बारीक वाटला.

कार्ड दिवाळीत छापायचं होतं. त्याआधी गणपती आले.

एका मंडळाने त्याला विसर्जनाची सुपारी देऊ केली. 35,000. आणखी बॉक्स भाड्याने आणायचे 12,000. हातात उरणार 23,000, म्हणजे तीन हप्ते आणि वर थोडे. त्याचा मला फोन आला. "मामा, घेऊ का?"

मी डोंबिवली सोडलेल्या गाडीत दारापाशी लोंबकळत होतो. 2018 च्या गणपतीत हायकोर्टाने डीजेवरची बंदी उठवायला नकार दिला होता, ते सगळं मला पाठ होतं. बरण्यांचा आवाज आठवत होता. पण त्याचा हप्ता मी भरणार होतो का? नव्हतो. मग नाही म्हणण्याचा अधिकार कुठून आणू? गाडीत ऐकू येत नाही असं सांगून मी फोन ठेवला. ऐकू येत होतं.

त्याने सुपारी घेतली. मिरवणूक आमच्याच रस्त्यावरून होती.

रात्री नऊच्या सुमारास ती आली. लांबूनच बरण्या बोलायला लागल्या. मी बाबांना आत नेऊ लागलो तर ते म्हणाले, "थांब, नातवाची गाडी आहे ना?" आणि गॅलरीत आले. टेम्पो आमच्या बिल्डिंगपाशी आला आणि आवाज एकदम खाली गेला, अगदी ट्रान्झिस्टरइतका. नाचणारी पोरं थांबून ओरडायला लागली. एकजण टेम्पोवर चढला. भाचा मिक्सरवर हात ठेवून उभा होता आणि मान हलवत होता. वर बघून त्याने बाबांना नमस्कार केला. बाबांनी हात उंचावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही.

टेम्पो पुढे सरकला. कोपऱ्यावर वळला आणि आवाज परत होता तसा झाला.

मंडळाने मधेच आवाज बंद केला म्हणून त्याचे पाच हजार कापले. नातेवाइकांत ही गोष्ट कौतुकाने सांगितली जाते, ताई तर सांगताना रडते. मीही सांगतो. पण कोपऱ्यावर वळल्यानंतरचा भाग कुणी सांगत नाही. आमच्या पुढच्या बिल्डिंगमध्येही कुणाचे तरी बाबा असतील. त्यांचा नातू टेम्पोवर नव्हता, एवढाच फरक.

दिवाळीत कार्डं छापली. पाचशे. माझ्या चार ओळी होत्या तशाच गेल्या. 2025 च्या जूनअखेर आम्ही वही काढली. आलेल्या प्रत्येक फोनला 'नंबर कुठून मिळाला?' हे विचारून लिहायची सवय मी त्याला लावली होती. फुकटातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणाल तर तीच, कारण पुढचा पैसा कुठे घालायचा ते वहीच सांगते. एकूण 31 सुपाऱ्या. 14 मंडपवाल्यांकडून, 9 कार्डावरून, 6 आधीच्या हळदीत ऐकून, 2 मोबाईलवरून. फ्लेक्स शून्य. हप्ते वेळेवर. दहानंतर वाजवलं म्हणून एकही तक्रार नाही. त्या म्हाताऱ्या मंडपवाल्याने तर स्वतःच्या नातीच्या हळदीला यालाच बोलावलं.

आता पुढच्या कार्डाची वेळ झाली होती. तारखा तपासून झाल्या. परवा भाचा आला आणि म्हणाला, "मामा, एक ओळ वाढवू का? 'मिरवणूक घेत नाही.' बायका विश्वास ठेवतील."

मी म्हटलं, "लिही. पण मग 35 हजारवाला आला की?"

तो बराच वेळ गप्प बसला. मीही. मागच्या वेळी मी गाडीचा आवाज पुढे केला होता, आता घरात पंख्याशिवाय काही वाजत नव्हतं. शेवटी मीच म्हटलं, "त्या महिन्यात हप्ता अडला तर माझ्याकडे ये. दुसऱ्या कुणाकडे जाऊ नकोस." हे मला गेल्या वर्षीच म्हणता आलं असतं.

रविवारपर्यंत सांगतो म्हणालाय. कार्ड अजून प्रेसला गेलेलं नाही.

असो. मुहूर्त मात्र कुणासाठी थांबत नाहीत.