आत कोण?

मॅस्कॉट आणि फरसूट दोन्ही शिवते म्हटलं की प्रश्न ठरलेला: यात फरक तो काय? दोन्हीकडे केसाळ जनावर आणि आत घामाघूम माणूस. घामाचं कबूल.

पण मॅस्कॉट बेतताना आत कोण शिरणार हे मला ठाऊक नसतं. म्हणून अंग ऐसपैस ठेवायचं आणि मुंडक्यात हेल्मेट बसवायचं, पट्टे कुणालाही आवळता यावेत असे. फिलाडेल्फियाच्या बेसबॉल संघाचा हिरवागार फिली फनॅटिक 1978 साली मैदानात उतरला. तो घडवला बॉनी एरिक्सन आणि वेड हॅरिसन यांनी. मपेट्समधली मिस पिगीही एरिक्सनबाईंचीच. पुढे आतला माणूस बदलला, फनॅटिक तोच राहिला. ते सुटलेलं पोट आणि भोंग्यासारखं तोंड गॅलरीच्या शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतं. तिथे माझी बारीक शिवण बघायला कोण येतंय!

फरसूट म्हणजे हौशी माणसानं स्वतःसाठी शिवून घेतलेलं जनावर; त्यात गिऱ्हाईक हेच पात्र. कोल्हा त्याच्या मनातला, पट्ट्याठिपक्यांसकट कागदावर काढून पाठवलेला. मापंही निराळी. जुने कपडे घालून उभं राहायचं, मित्रानं मानेपासून घोट्यापर्यंत डक्ट टेप गुंडाळायची, मग पाठीवर चीर देऊन ते कवच सोलायचं आणि मला पार्सल करायचं. त्या कवचावर मी पेनानं पट्टे आखते आणि तेच तुकडे कापून फरवर मांडते. फर नेहमी उलट्या बाजूनं, ब्लेडनं कापायची. कात्री लावली की लव तुटते आणि सांधा उघडा पडतो. चेहऱ्यावरची लव शेवटी केस कापायच्या मशीननं भादरायची.

माझा जीव मात्र डोळ्यांत. मॅस्कॉटवाला बरेचदा तोंडाच्या फटीतून बघतो, वरचे टपोरे डोळे नुसते प्रेक्षकांसाठी. फरसूटवाला सहसा डोळ्यांतूनच बघतो. बुबुळ म्हणजे जाळी: रंग फक्त बाहेरून, आतून काळी, नाहीतर समोर सगळं धुरकट. ती पापणीच्या कडेपासून जरा खोल बसवली, की आपण बाजूला सरकलो तरी डोळे आपल्याकडेच वळल्यासारखे वाटतात. पिट्सबर्गच्या अँथ्रोकॉन या फरसूटप्रेमींच्या मेळाव्यात लोक हातभर अंतरावरून या डोळ्यांत बघतात, गळ्यात पडतात, फोटो काढतात. तिथे एक वाकडा टाका लपत नाही.

मॅस्कॉटची ऑर्डर देणाऱ्या संस्थेचा पहिला प्रश्न असतो, "धुता येईल ना?" फरसूटवाला विचारतो, "मी बोललो की जबडा हलेल ना?" हलतो, हनुवटीला इलॅस्टिक लावते.